कामगार टिकतो कशाने?

धारवाडच्या सप्तापूर भागातून सकाळच्या वेळी जाणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसते. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांच्या पाट्या, रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका, चौघापाचांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या, आणि त्यांतून ये-जा करणारी बेळगाव, विजापूर, बागलकोट, गदग या भागांतील तरुण मुलेमुली. कोणाला पोलिसांत जायचे आहे, कोणाला रेल्वेत, कोणाला महसूल खात्यात. खाते कोणतेही चालेल, जागा मात्र कायमची हवी, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. तेथून फार दूर नाही अशा अंतरावर बेलूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथे कारखाने आहेत, कामही आहे. असे असता ही मुले उमेदीची दोन-चार वर्षे अभ्यासिकेत का घालवितात, हा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. आणि आजच्या पिढीला अंगमेहनत नको, एका जागी टिकून राहण्याचा स्वभाव नाही, असे उत्तर देऊन ते मोकळे होतात.

हे उत्तर फार जुने आहे. ते सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीमालकांनी दिले होते, आणि त्यावेळी ते ज्यांच्याविषयी दिले गेले ते लोक या मुलांच्या पणजोबांच्या पिढीतले होते. त्या उत्तरात तथ्य किती होते हे तपासण्यासारखे आहे.

तपासाला आरंभ सप्तापुराच्या शेजारूनच करता येतो. कर्नाटक कॉलेजची जी भव्य दगडी इमारत आहे ती मूळची विद्यालयाची नव्हे. ती सदर्न मराठा रेल्वेची मुख्य कचेरी होती. १८८० च्या दशकात या कंपनीने दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात लोहमार्ग टाकले आणि हुबळीला डबे व इंजिने दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना उभारला. १९०८ साली ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र झाल्या, तेव्हा कचेरीचे महत्त्व मद्रासकडे गेले. कारखाना मात्र हुबळीलाच राहिला. त्याबरोबर त्यातला कामगारही राहिला. लोहार, सुतार, कातारी, बॉयलर सांधणारे अशा कारागिरांची घरेच्या घरे या कारखान्यावर दोन-दोन, तीन-तीन पिढ्या पोसली गेली. हुबळीचा रेल्वे कामगार गावचा नव्हता असे नाही. त्याचीही शेती आसपासच्या खेड्यांत होती, त्याच्याही घरी लग्ने होत, जत्रा भरत. पण रेल्वेची नोकरी म्हणजे राहण्यास खोली मिळण्याचा संभव, प्रवासाचा पास, ठरलेल्या दिवशी पगार आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रजा संपवून परत आल्यावर आपली जागा आपल्यासाठी शिल्लक असण्याची खात्री. जो माणूस रेल्वेत टिकला, त्याचाच भाऊ गिरणीत टिकत नव्हता. तेव्हा स्वभावाचा दोष रक्तात असेल, तर तो एका भावाच्याच रक्तात कसा आला?

त्या काळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. गिरण्यांचा जो कायदा परळला तोच हुबळीला आणि गोकाकला लागू असे. म्हणून कामगार का जातो आणि का राहतो या प्रश्नाचे मोठे उत्तर शोधावयाचे तर मुंबईच्या गिरणगावातच जावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. तेव्हापासून शंभरावर वर्षे या एका धंद्याने मराठी मुलखातील जितकी माणसे ओढून नेली तितकी दुसऱ्या कोणत्याही धंद्याने नेली नाहीत.

ही माणसे आली मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास लोक रत्नागिरीत जन्मलेले आढळले. १९३१ पर्यंत हे प्रमाण पाव हिश्श्यावर आले, आणि खुद्द मुंबईत जन्मलेल्या कामगारांचे प्रमाण तेवढेच चढले. उरलेले सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर असे देशावरचे, काही उत्तरेकडचे. कोकणातली खाचरे लहान, पावसानंतर पिकणारे भात चार-सहा महिने पुरणारे, खोताचा वाटा वेगळा. घरातल्या एकाने तरी मुंबईची बोट धरल्याशिवाय सारा भरता येत नसे. बायको-मुले गावी, म्हातारी आई गावी, आणि महिन्याकाठी मनीऑर्डर ठरलेली. असा माणूस मे महिन्यात लग्नासाठी, मृगाच्या तोंडावर पेरणीसाठी, गणपतीला, शिमग्याला गावी जाणार हे उघड आहे. उन्हाळ्यात गिरण्यांतील खाडे वाढत, आणि मालक म्हणत की हा मूळचा शेतकरी आहे. याचा एक पाय सदैव गावात असतो. चार पैसे गाठीला बांधले की हा निघाला.

यावर विश्वास ठेवणारे केवळ मालकच नव्हते. सरकारी अधिकारी, प्रवासी, समाजशास्त्राचे अभ्यासक, सगळेच तसे लिहीत राहिले. १९२९ साली नेमलेल्या आणि व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात हेच अधिक सहानुभूतीने मांडले: शहर कामगाराला खेचून आणीत नाही, खेडे त्याला ढकलून देते, गावात पोटापुरते अन्नवस्त्र मिळाले तर फार थोडे लोक कारखान्यात राहतील. या आयोगावर ना. म. जोशी यांच्यासारखा कामगारांचा कैवारी होता, तेव्हा या मतात तुच्छता होती असे म्हणता येणार नाही. पण अर्धे सत्य सहानुभूतीने सांगितले तरी अर्धेच राहते.

दुसरे अर्धे कोठे दिसले? ते दिसले प्लेगात. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या चार-पाच महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातून निम्म्याच्या जवळपास माणसे निघून गेली. रोगाइतकीच दहशत सरकारी उपायांचीही होती. रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेतात, तो परत येत नाही, अशी समजूत पसरली; ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या सुमारे हजारभर जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. बोटी भरून जात, गाड्यांना जागा नसे. गिरण्यांचे माग थंडावले.

आता पाहण्यासारखे असे की जे मागे राहिले त्यांचे काय झाले. कालपर्यंत ज्या कामगाराला दीड-दीड महिना पगाराची वाट पाहावी लागे, त्याने रोजचा पगार रोज संध्याकाळी रोख मागितला, आणि तो त्याला मिळाला. एका गिरणीची माणसे नाक्यावर उभी राहून दुसऱ्या गिरणीच्या कामगारांना जादा रोजाची लालूच दाखवू लागली. भाजीबाजारात बोली चालावी तशी रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसांसाठी बोली चालू झाली. मालकांची संघटना १८७५ पासून होती. कोणी कोणाची माणसे पळवू नयेत असे ठरविण्याचा प्रयत्न झाला. पण ज्याला त्याला आपले साचे चालवायचे होते, त्यामुळे तो ठराव कोणी पाळला नाही. गिरणी सोडून दुसऱ्या गिरणीत जाणारा तो कामगार गावाच्या ओढीने जात नव्हता. चार आणे जादा मिळतात आणि हातात मिळतात म्हणून जात होता. म्हणजे तो अगदी तसाच वागत होता जसा कापसाचा व्यापारी वागतो. व्यापाऱ्याच्या या वागण्याला आपल्याकडे हुशारी म्हणतात.

साथ ओसरली, माणसे परतली आणि रोजचा पगार बंद झाला. जुनी व्यवस्था पुन्हा सुरू झाली. त्या व्यवस्थेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सगळे इंगित तिच्यात आहे.

पहाटे भोंगा होई. गिरणीच्या दरवाज्याशी दोन प्रकारचे लोक असत. एक, ज्यांची जागा होती ते. दुसरे, ज्यांची नव्हती ते. या दुसऱ्यांना बदली म्हणत. आज कोणाचा खाडा पडतो हे पाहण्यासाठी बदलीवाला रोज दरवाज्याशी येई. काम मिळाले तर दिवसाचा रोज. न मिळाले तर खोलीवर परत. असे महिने जात, कित्येकांची वर्षे जात. गिरणीला हे सोयीचे होते. सुताला चीनच्या बाजारात मागणी आली की पाळी वाढवावी, मंदी आली की दरवाजा मिटावा. कायम माणूस ठेवला तर मंदीतही त्याला पोसावे लागते. बदलीवाला मंदीत आपोआप गावी जातो आणि त्याचा खर्च त्याचे गाव करते. मालक ज्या गावाला नावे ठेवीत होते, त्या गावाच्या भाताच्या खाचरावर गिरणीच्या नफ्याचा काही भाग पिकत होता. हे अनेक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही, किंवा आले असले तरी बोलण्याची कोणाला गरज वाटली नाही.

बदलीवाल्याला आत घेणारा होता जॉबर. त्याला कोणी मुकादम म्हणत; बायकांच्या खात्यांत नायकीण असे. साचे नीट चालविणे हे त्याचे नेमलेले काम, पण माणूस ठेवणे आणि काढणे हे त्याचे खरे सामर्थ्य. नव्या माणसाला घेताना तो दस्तुरी घेई, आणि घेतलेल्याला टिकण्यासाठीही अधूनमधून काही द्यावे लागे. याचा हिशेब सोपा आहे. दहा माणसे दहा वर्षे टिकली तर दस्तुरी दहांचीच. दरवर्षी दहा गेली आणि दहा आली तर ती दसपट. ज्याच्या हाती माणसे टिकविण्याचे काम दिले होते, त्याचा फायदा माणसे न टिकण्यात होता. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की हाच जॉबर गावाहून आलेल्या पोराला खोली मिळवून देई, खानावळीत हमी राही, आजारपणात उसने देई. त्यामुळे त्याचे आणि वरच्या साहेबाचे बिनसून तो गेला, की त्याची पंधरा-वीस माणसेही पाठोपाठ बाहेर पडत. वहीत नोंद होई ती मात्र ‘कामगार काम सोडून गेले’ एवढीच. आज बेलूरसारख्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत जॉबरची ती जागा बऱ्याच अंशी कंत्राटदाराने घेतली आहे. १९७० साली कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा झाला, तरी कारखान्यात वर्षानुवर्षे काम करूनही कारखान्याचा नव्हे असा माणूस पुरता नाहीसा झालेला नाही.

राहिला पगार. महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी पगार वाटण्याची रीत होती. म्हणजे कोणत्याही क्षणी कामगाराचे किमान दोन आठवड्यांचे पैसे मालकाकडे अडकलेले. सूचना न देता गेल्यास ते बुडत. माणूस पळून जाऊ नये म्हणून घातलेली ही दावण होय. परिणाम मात्र उलटा झाला. गावाहून ‘आई अत्यवस्थ’ असे पत्र आले की माणूस पगार सोडून निघे आणि बोटीच्या भाड्यासाठी पठाणाकडून कर्ज काढी. परत आला की जुन्या गिरणीत जागाही नसे आणि पैसेही नसत. मग तो दुसऱ्या गिरणीच्या दरवाज्याशी उभा राही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगार महिना संपल्यावर सात किंवा फार तर दहा दिवसांत देणे बंधनकारक केले, तेव्हा कोठे ही दावण सैल झाली.

हे सारे हिंदुस्थानच्या मागासलेपणाचे लक्षण होते, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. हेन्री फोर्ड यांच्या मोटारीच्या कारखान्यात १९१३ साली सुमारे चौदा हजार कामगारांची गरज होती; ती भागविण्यासाठी त्या एका वर्षात बावन्न हजारांवर माणसे भरावी लागली. माणसे येत आणि सरकत्या पट्ट्यावरचे तेच ते काम सहन न होऊन निघून जात. डेट्रॉइटच्या त्या कामगाराला कोकणात भात लावायचे नव्हते, की त्याच्या घरी गणपती बसत नव्हता. फोर्ड हे काही संत नव्हते, पण हिशेबी होते. माणूस बदलण्याला किती खर्च येतो हे त्यांनी मोजले, आणि १९१४ च्या जानेवारीत दिवसाचे काम आठ तासांवर आणून रोज पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. अर्थात त्या पाच डॉलरला अटी होत्या, कामगाराच्या घरात डोकावणारे निरीक्षक होते. तरी माणसे टिकली. मुंबईत असे गणित मांडण्याची निकड मालकांना वाटली नाही, कारण दरवाज्याशी बदलीवाले उभे होते.

गावाच्या ओढीचा आणखी एक अर्थ १९२८ साली प्रकट झाला. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद राहिल्या. इतके दिवस पगाराविना शहरात राहणे अशक्य होते. कामगार टिकले ते गावाच्या जोरावर. पुष्कळजण कोकणात आणि देशावर गेले, शेतात राबले, आणि संप मिटताच परतले. नोकरी टाकण्यासाठी ते गावी गेले नव्हते. नोकरी अधिक बरी व्हावी म्हणून लढताना त्यांना गावाने जगविले होते. सातबाऱ्यावरचा तो लहानसा तुकडा हाच त्यांचा संपाचा निधी होता.

सगळ्यांनाच जाण्याचे किंवा राहण्याचे स्वातंत्र्य सारखे नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे. गिरणीत सर्वांत बरा पगार साळखात्यातल्या विणकराचा. पण धोट्याच्या भोकातून सूत ओढून काढताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही वापरणार नाही म्हणून इतर कामगारांनी त्या खात्याचे दार बंद ठेवले होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न नेत्यांपुढे स्पष्टपणे ठेवला. ज्या महार कामगाराला रिंगखात्यातून वर जाण्याची वाटच नव्हती, त्याने एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत जाऊन मिळवायचे ते काय? त्याला अडविणारा मालक नव्हता, शेजारच्या साच्यावरचा सोबती होता. बायकांची गोष्ट निराळी. त्या सोडून गेल्या असे म्हणण्यापेक्षा त्यांना हळूहळू बाहेर काढण्यात आले, असे म्हणणे रास्त होईल. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. रात्रपाळीला त्यांना बंदी होतीच. आणि वाइंडिंग-रीलिंगची खाती जसजशी आटली तसतशी त्यांची संख्या घटत गेली.

आणि काही असे होते की ज्यांना कायद्यानेच जाता येत नव्हते. १८७१ पासून निरनिराळ्या कायद्यांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांच्यासाठी मुंबई सरकारने या शतकापूर्वीच्या शतकात, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारल्या. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, गोकाक ही त्यांतली ठळक नावे. हजेरी रोज, परवान्याविना बाहेर पडणे गुन्हा. सोलापूरसारख्या ठिकाणी या वसाहतींतले स्त्रीपुरुष गिरण्यांत कामाला जात. ‘टिकाऊ कामगार’ हवा असणाऱ्या मालकाला यापेक्षा टिकाऊ माणूस मिळाला नसता. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली आणि देशात १९५२ साली रद्द झाला. कामगार एका जागी किती वर्षे राहिला एवढ्यावरून त्याच्या समाधानाची परीक्षा करणाऱ्यांनी या कुंपणाची आठवण ठेवलेली बरी.

कुंपणावाचून माणसे टिकतात याचे उदाहरण याच सीमाभागातून निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना बेळगावला होता. तेथील जागा सोडणे भाग पडल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगाने माजलेली ओसाड जमीन दिली, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. बेळगावातील काही कामकरी मंडळी बायकामुलांसह त्यांच्यामागोमाग त्या माळावर गेली. तेथे पाणी नव्हते, दुकान नव्हते, साप-विंचू मात्र मुबलक होते. शहरी बाजारपेठ सोडून माणसे अशा ठिकाणी का जातात? पगार काही मुंबईसारखा नव्हता. पण कारखान्याबरोबर घरे उठली, पाण्याची सोय झाली, शाळा निघाली, आणि मालकही त्याच वस्तीत राहत होता. घटप्रभेच्या धबधब्यावर उभ्या राहिलेल्या गोकाकच्या गिरणीलाही आसपास मोठे गाव नसल्याने कामगारांसाठी वस्ती वसवावी लागली. मुंबईत मात्र १९२० नंतरच्या पाहणीत शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबे एका खोलीत राहताना आढळली. जेथे बायको आणता येत नाही, आणलीच तर पाच पाहुण्यांच्या खोलीत ठेवावी लागते, तेथे माणसाचे घर गावातच राहणार. अर्थात कारखान्याच्या घरालाही दुसरी बाजू आहे. नोकरी गेली की छप्परही जाते. त्यामुळे अशा वस्तीतला कामगार मालकापुढे मान वर करताना दहादा विचार करतो.

मुंबईत बदल घडला तो उपदेशाने नव्हे, नियमांनी. १९३५ साली मालकसंघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. प्रत्येक गिरणीने ठरावीक बदली कामगारांना महिन्याच्या आरंभी कार्ड द्यावे आणि रिकाम्या जागी त्यांनाच आधी घ्यावे, अशी ती योजना होती. जॉबरच्या हातातली लगाम थोडी सुटली. १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने किमान मूळ वेतन तीस रुपये ठरले आणि गिरणीगणिक असलेले पगारांतले फरक बरेचसे पुसले गेले. मग चार आण्यांसाठी गिरणी बदलण्यात अर्थ उरला नाही. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधी आला, १९५४ साली मुंबईत कामगार विमा योजना आली, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. नोकरी जितकी जुनी तितकी ती मोलाची झाली. आणि ज्याच्याविषयी हा टिकत नाही अशी तक्रार होती तो कामगार असा काही टिकला की निवृत्त होताना आपल्या जागी मुलाला लावण्यासाठी धडपडू लागला. गाव तेच होते, गणपती तेच होते, मृगही तेव्हाच लागत होता. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात त्याने गिरण्यांना माणसांची खरी टंचाई कधी पडलीच नव्हती आणि कामगाराच्या अस्थिरतेचे मूळ गिरणीच्या कारभारात शोधले पाहिजे असे दाखवून दिले. पुढे राजनारायण चंदावरकरांनी गावाशी असलेला संबंध हे कामगाराचे दुबळेपण नसून बळ होते, ही बाजू अधिक खोलात जाऊन मांडली.

कायम कामगाराच्या सावलीत बदलीवाला मात्र उभाच होता. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे बदलीत काढलेली माणसे १९८० च्या सुमारास प्रत्येक गिरणीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणी त्यात होती. १९२८ प्रमाणे याही वेळी माणसे गावी गेली. परंतु मधल्या काळात भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले होते, आणि दीड वर्ष माणसे पोसण्याची ताकद त्या खाचरांत उरली नव्हती. मालकांनाही आता पूर्वीची घाई नव्हती. कापड यंत्रमागांवर भिवंडीला विणून मिळत होते, आणि गिरणीखालच्या जमिनीला आतल्या यंत्रांपेक्षा अधिक भाव येऊ लागला होता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. लाखाच्या वर कामगारांना पुन्हा आत घेण्यात आले नाही. १९९१ च्या विकास नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला आणि एकेक भोंगा कायमचा थांबला. त्या जमिनींवरील घरांसाठी दीड लाखाच्या वर गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज केले. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली, तेव्हा सुमारे सात हजार घरे वाटपास होती. उरलेल्यांतले कित्येक आज रत्नागिरीत, सिंधुदुर्गात, साताऱ्यात आपल्या गावी राहतात. पुढच्या सोडतीची बातमी आली की गिरणीचे जुने ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा घेऊन ते मुंबईची गाडी धरतात.